भिंतीत शिरलेला वारा

प्रयोगशाळेतून, ६ सप्टेंबर

साडूबुवांना सप्रेम नमस्कार,

तुमची पेटी आज निघाली. पेटीत भुसा, भुशात लोकर आणि लोकरीत नळी. मी ती गुंडाळताना तुमची धाकटी मेहुणी शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "माझ्या पहिल्या बाळाला तुम्ही एवढं जपून उचललं नव्हतं."

तुम्ही विचारलं होतंत, साधी नळी असताना ही पाच भोकांची कशाला? साध्या नळीला एवढंच कळतं की वारा किती जोरात अंगावर आला. तो सरळ पुढे निघालाय की गरगरत चाललाय, हे तिला सांगता येत नाही. बोगद्यात हवा ढकलणारा तुमचा नवा पंखा हवेला पीळ देतो. पिळलेला वारा हाताला जोरदार लागतो, पण पुढे कमी सरकतो. दिवसभर पळणारा माणूस घराभोवतीच फेऱ्या मारत असावा, तशातली गत. आणि तुमच्या आतल्या टोकाला खोदणाऱ्या माणसांना फेऱ्या मारणारी हवा काय कामाची? त्यांच्यापर्यंत पोचेल तीच खरी.

म्हणून ही नळी. तिच्या नाकावर मध्ये एक भोक आणि भोवती चार. वारा डावीकडून आला की डाव्या भोकात दाब वाढतो, उजव्यात कमी होतो. वर-खालीही तसंच. पाच भोकांच्या पाच रबरी नळ्या काचेच्या नळ्यांना जोडा, रंगीत पाणी कुठे किती चढलं ते लिहा आणि मला पाठवा. बाकी माझं काम. महिनाभर मी तिला माझ्या वाऱ्याच्या बोगद्यात धरून बसलो होतो. वारा ठरलेल्या वेगाचा, आणि नळी थोडी डावीकडे, थोडी वर, अजून थोडी वर, अशी वळवत प्रत्येक वळणाला पाचही उंच्या टिपल्या. त्यातून एक तक्ता तयार झाला. तुमच्या पाच उंच्या त्या तक्त्यात शोधल्या की वारा कुठून कुठे आणि किती वेगाने चाललाय ते कळतं.

पण हा तक्ता फक्त याच नाकाचा आहे. हे नाक पेन्सिलीच्या टोकाएवढं आहे. त्याला खसखशीएवढा पोचा आला तरी माझा महिना रद्दीत गेला म्हणून समजा. पडलं, आपटलं, काहीही झालं तर वापरू नका, परत पाठवा. मी रागावणार नाही.

आपल्या सासऱ्यांची कमाल आहे. थोरला जावई दगडाच्या बोगद्यातला, धाकटा वाऱ्याच्या बोगद्यातला. मुलगा तरी मोकळ्या आकाशाखाली राहील असं वाटलं होतं, तर टिंगूही तुमच्याच बोगद्यात खडक फोडायला आला. सहा फुटी माणसाला टिंगू म्हणणारं घर हे, तिथून दुसरी काय अपेक्षा ठेवायची! त्याच्याकडे लक्ष असू द्या. थोरल्या ताईंना नमस्कार.

तुमचा
धाकटा साडू

◆

बोगद्याच्या तोंडावरून, १९ सप्टेंबर

वारेवाले साडूबुवा,

पेटी पोचली, भुसा निम्मा कॅन्टीनच्या मांजरीने पळवला. तुमच्या नळीने इथे जत्रा भरवली. पाच काचांमध्ये लाल पाणी वरखाली व्हायला लागल्यावर फिटर, गाडीवाले, कारकून, सगळे माझ्या खांद्यावरून डोकावायला लागले. एक जण म्हणाला, "साहेब, हे बोगद्याचं रक्त तपासताय का?"

हवेचा नळ पत्र्याचा आहे, आत माणूस उभा राहील एवढा. त्याच्या बाजूला भोक पाडून तुमची नळी आत सारली, अगदी पत्र्यापासून मध्यापर्यंत एकेक टप्पा पुढे नेत. सगळ्या उंच्या सोबतच्या कागदावर आहेत. मी माझ्या कुवतीने तुमच्या पत्रासोबतचा तक्ता लावून पाहिला. पीळ अगदी किरकोळ, वारा सरळ आणि भरपूर. पंखा बसवायला कंपनीचा माणूस आलाय, तो तर माझ्या गळ्यात पडायचा बाकी होता. बडे साहेबही खूश. ते म्हणाले, "प्रयोगशाळेचा सही-शिक्क्याचा कागद येऊ द्या, मग आतली माणसं वाढवू. थंडीत घाटरस्ता बंद व्हायच्या आत टोक गाठायचंय."

तेव्हा कागद लवकर पाठवा.

टिंगू मजेत आहे. दिवसपाळीचा मुकादम झालाय. परवा जेवायला आला होता. थोरलीने दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा त्याने स्वतःच घेतलं.

जाता जाता एक. या नाकाचा धातू मऊ असतो का हो? सहज विचारतो.

तुमचा
थोरला साडू

◆

प्रयोगशाळेतून, २५ सप्टेंबर

साडूबुवांना सप्रेम नमस्कार,

आकडे मिळाले, हिशोबही झाला. पण कागद अजून पाठवत नाही. रागावू नका, आधी ऐकून घ्या.

नळाच्या मधल्या भागात सगळं गोडच दिसतं. पीळ इतका कमी, की खरं सांगायचं तर जरा जास्तच गोड. पण पत्र्याला लागून तुम्ही जी मापं घेतलीत, तिथे माझा तक्ता म्हणतो की वारा पत्र्यात शिरतोय. थोडाथोडका नाही, चांगला तिरका घुसतोय. साडूबुवा, भिंतीत वारा शिरत नाही. भिंतीजवळ तो भिंतीला धरूनच जातो, त्याला दुसरी वाटच नसते. जी नळी भिंतीजवळ खोटं बोलते, ती मध्यात खरं बोलत असेल कशावरून?

चूक माझीही असू शकते. म्हणून तिची जुळी नळी माझ्याकडे आहे ती पुन्हा वाऱ्यात धरली आहे, सगळा तक्ता पहिल्यापासून तपासतोय.

तुमच्याकडून एकच गोष्ट हवी. नळाच्या समोरच्या बाजूला एक भोक पाडा आणि नळी तिकडून आत घालून त्याच जागी पुन्हा माप घ्या. आता नाक उलट्या अंगाने असेल, म्हणजे जे डावं होतं ते उजवं होईल. नाक शाबूत असेल तर डाव्या-उजव्या भोकांचे आकडे आपसात अदलाबदल करतील. नाही केली, तर नळी मी पाठवली तशी राहिलेली नाही.

आणि तुम्ही सहज विचारलंत, तर मीही सहज विचारतो: धातू मऊ आहे का, हा प्रश्न तुम्हाला का पडला?

तुमचा
धाकटा साडू

◆

बोगद्याच्या तोंडावरून, १ ऑक्टोबर

साडूबुवा,

तुमचं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना.

समोर भोक पाडा म्हणता. त्यासाठी पंखा बंद करावा लागतो. पंखा बंद करायचा म्हणजे आतली सगळी माणसं बाहेर काढायची. अर्धी पाळी गेली की साहेब मला विचारणार, कशासाठी? तर मी सांगायचं, माझ्या साडूच्या तक्त्यात वारा भिंतीत शिरला! तुम्ही तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकताय. पंखेवाला म्हणतो, पत्र्याजवळ असे वेडेवाकडे आकडे नेहमी येतात, ते सोडून द्यायचे असतात. वीस वर्षं पंखे बसवणारा माणूस आहे तो.

साहेबांनी तुमच्या कागदाची वाट पाहिली नाही, हेही सांगतो. माझ्या कच्च्या हिशोबावर त्यांनी परवापासून आतल्या टोकाला माणसं दुप्पट केली. तेव्हा आता कागद आला नाही तर तोंडघशी पडणार तो मी.

टिंगू ठीक आहे. डोकं दुखतं म्हणतो, पण सुरुंगाच्या धुराने सगळ्यांचंच दुखतं. पोरं त्यावर विनोद करतात.

धातूबद्दल विचारलं ते कुतूहल म्हणून. माणसाने काही विचारूही नये का? सही करणार की नाही ते एका ओळीत कळवा.

थोरला साडू

◆

प्रयोगशाळेतून, ६ ऑक्टोबर

साडूबुवांना नमस्कार,

एका ओळीत: नाही.

आता बाकीच्या ओळी. जुळी नळी मी पूर्ण तपासली. तक्ता बरोबर आहे. वर-खाली, डावं-उजवं, सगळं जिथल्या तिथे. मग तुमचे आकडे घेऊन मी माझ्या प्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, "नळी आपल्या दारातून निघाली तेव्हा ठणठणीत होती, एवढं लिही आणि सही कर. पुढचं त्यांचं ते बघतील." असं लिहिलं तर माझा प्रत्येक शब्द खरा ठरेल आणि तुमचे साहेब त्यातून हवा तो अर्थ काढतील. म्हणून तेही लिहिलं नाही.

साडूबुवा, मी सरळ विचारतो. नळी पडली का? पडली असेल तर पडली. वस्तू आहे, पडते. पण तुमच्या आकड्यांमध्ये चार बाजूंपैकी एकच भोक सतत बाकीच्यांपेक्षा कमी दाखवतंय, चेपल्यासारखं. मला संशय आहे की नळात खरा पीळ खूप आहे आणि हे चेपलेलं नाक तो लपवतंय. तसं असेल तर पुढे जाणारी हवा तुम्ही समजता त्यापेक्षा बरीच कमी आहे, आणि तिथे आता दुप्पट माणसं श्वास घेताहेत.

तुमचं पत्र मी खिशात ठेवलं होतं, धाकटीने ते काढून वाचलं. डोकं दुखतं, या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "लहानपणी टिंगूचा हात मोडला होता तेव्हाही तो दोन दिवस आंघोळीला नको म्हणत होता, दुखतंय असं म्हणाला नव्हता. हा माणूस डोकं दुखतं म्हणतोय आणि तुम्ही दोघं साडू मानपान खेळताय?"

नळी परत पाठवा, नाहीतर समोरून माप घ्या. दोन्हींतलं एक करा आणि तेरा तारखेच्या आत कळवा. इथून केलेला फोन तुमच्या कचेरीतल्या कारकुनाच्या टेबलावर वाजतो म्हणून पत्रच लिहितोय. यात तुमची अब्रू आहे, ती मी चारचौघांत मांडणार नाही.

धाकटा साडू

◆

प्रयोगशाळेतून, १४ ऑक्टोबर
(मुख्य कचेरीत समक्ष दिलेलं)

प्रति,
प्रमुख अभियंता, बोगदा प्रकल्प

महोदय,

आपल्या प्रकल्पासाठी या प्रयोगशाळेने तपासून दिलेल्या पाच छिद्रांच्या दाबनळीने घेतलेली मापे आमच्याकडे आली. त्या मापांमध्ये गंभीर विसंगती आहे. आमच्या मते नळीच्या अग्रास प्रकल्पस्थळी इजा झाली असावी. त्यामुळे आतल्या टोकापर्यंत पोचणाऱ्या हवेचा जो अंदाज आपल्यापुढे आहे, तो विश्वासार्ह नाही. प्रत्यक्षात हवा धोकादायकरीत्या कमी असण्याची शक्यता आहे.

नळीची फेरतपासणी होईपर्यंत आतल्या टोकावर माणसे पाठवू नयेत, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे. आपण आज मुख्य कचेरीत आहात असे समजल्याने हे पत्र हातोहात देत आहे.

आपला,
(सही व प्रयोगशाळेचा शिक्का)

◆

बोगद्याच्या तोंडावरून, १३ ऑक्टोबर
(हे पत्र १७ तारखेला पोचलं)

साडूबुवा,

तुमचं पत्र तीन दिवस उशाशी घेऊन झोपलो. आज उत्तर देण्याजोगं तोंड झालंय.

नळी पडली होती. पेटी उघडली त्याच दिवशी. शिडीवरून उतरताना मी ती शर्टाच्या खिशात खोचली, शाळकरी पोरगं पेन खोचतं तशी. खाली वाकलो आणि ती काँक्रीटवर नाकावर पडली. टोक किंचित वाकलं. मी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं नव्हतं. फिटरची पकड घेतली आणि हळूच सरळ केलं. डोळ्यांना सरळ दिसलं. तुम्ही लिहिलं होतंत, रागावणार नाही. तुम्ही रागावाल याची भीती नव्हती हो. तुम्ही हसाल, आणि साहेब म्हणतील या माणसाच्या हातात काही देण्यात अर्थ नाही, याची भीती होती. चोराच्या मनात चांदणं म्हणून तो धातूचा प्रश्न विचारून बसलो.

काल दुपारी टिंगू पाळी अर्धी टाकून बाहेर आला. कधी येत नाही. माझ्या खोलीबाहेरच्या दगडावर बसला. मी म्हटलं, "काय रे?" तो म्हणाला, "भाऊजी, एक गंमत होतेय. आत मी पोरांना काही सांगायला जातो, वाक्य सुरू करतो, आणि पुढचा शब्दच सापडत नाही. पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी. त्यांनाही कळत नाही की मी थांबलोय." आणि हसला. एवढा बोलघेवडा मुलगा!

मी तिथूनच उठलो. कुणाला न विचारता सगळ्यांना बाहेर काढलं. शेवटच्या दोघांना धरून आणावं लागलं, एक जण वाटेत ओकला. पंखा बंद केला, समोरून भोक पाडलं, पंखा चालू करून तुमची नळी घातली. आकड्यांनी अदलाबदल केली नाही. तीन जागी घेतलं, तिन्ही जागी नाही.

पंखेवाला ओरडत होता, मी ऐकलं नाही. आतल्या वाटेवर साखळी घातली आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. काम बंद आहे.

साहेब मुख्य कचेरीत गेलेत, परवा येतील. त्यांच्यासमोर उभा राहून मीच सगळं सांगणार आहे, खिशापासून पकडीपर्यंत. एक विनंती आहे. तोवर तुम्ही कुणालाही काही लिहू नका. चूक माझी, ती माझी मला सांगू द्या. एवढी एक गोष्ट माझ्याकडे राहू द्या.

नळी वेगळ्या पेटीत पाठवतोय. लोकरीत गुंडाळली आहे.

तुमचा
थोरला साडू

◆

बोगद्याच्या तोंडावरून, १९ ऑक्टोबर

भाऊजींना,

मी सहसा पत्र लिहीत नाही, तुम्हाला तर कधीच नाही. आज लिहितेय कारण हे लिहिणार नाहीत.

पंधरा तारखेला साहेब आले. हे सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मला म्हणाले, "आज सांगून टाकतो, मग पोटभर जेवतो." साहेबांच्या खोलीत गेले, तर साहेबांच्या हातात तुमचं पत्र. ह्यांनी तोंड उघडायच्या आत साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, पंखेवाल्यासमोर, कारकुनासमोर. ह्यांनी सांगितलं की मी तीन दिवसांपूर्वीच काम थांबवलंय, मीच माप घेतलंय, नळी माझ्याच हातून पडली. साहेब म्हणाले, "हो का? साडूचं पत्र निघतंय हे कळल्यावर शहाणपण सुचलेलं दिसतंय."

त्यांना आता भांडारात बसवलंय. खिळे, दोर आणि फावडी मोजून द्यायची. एकवीस वर्षं बोगद्यात काढलेल्या माणसाने. कॅन्टीनमध्ये ते गेले की बोलणं थांबतं.

टिंगू बरा आहे. डॉक्टरांनी आराम सांगितलाय, आमच्याकडेच झोपून असतो. एवढं तुमच्या बायकोला सांगा, तिचा जीव टांगणीला लागला असेल.

तुम्ही केलंत ते चूक की बरोबर, मला कळत नाही. मला एवढंच कळतं की ह्यांनी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली होती. परक्याने केलं असतं तर मी त्याला चांगला माणूस म्हटलं असतं. घरच्याने केलं की त्याला केसाने गळा कापणं म्हणतात.

थोरली

◆

प्रयोगशाळेतून, २ नोव्हेंबर

साडूबुवांना नमस्कार,

हे पत्र फाडून टाकलंत तरी चालेल, पण आधी आकडे वाचा.

तुमची नळी मी पुन्हा वाऱ्यात धरली. डावीकडचं भोक निम्मं चेपलंय आणि नाक अजूनही थोडं वाकडं आहे. मोडलेल्या नाकाचा नवा तक्ता बनवला आणि तुमचे जुने आकडे त्यात घातले. आता पत्र्याजवळचा वारा पत्र्याला धरून चालतो. आणि मध्यात पीळ इतका आहे की तुम्ही भरपूर म्हणत होता त्या हवेतला जवळजवळ चौथा हिस्सा पुढे जातच नव्हता. नळाच्या पोटात गरगरत होता. माणसं दुप्पट आणि हवा कमी. अजून आठवडाभर चाललं असतं तर काय झालं असतं, हे मी धाकटीला सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही.

यावर उपाय आहे. पंख्याच्या पुढे नळात उभ्या पट्ट्या बसवायच्या, त्या पीळ मोडतात. चित्र सोबत आहे. तुमच्या साहेबांनाही पाठवलंय.

आता दुसरं. तुमचं तेरा तारखेचं पत्र मला सतराला मिळालं. चौदाला मी तुमच्या उत्तराची सकाळच्या टपालापर्यंत वाट पाहिली. काही आलं नाही. मी समजलो, तुम्ही गप्प बसायचं ठरवलंय. मग प्रमुखांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. ते शिक्का देईनात. शेवटी म्हणाले, "तुझा नातेवाईक आहे ना तो? मग कसा काय लिहितोस?" मी म्हटलं, नातेवाईक आत आहे म्हणूनच. शिक्का दिला.

मी तुमच्याबद्दल चुकीचं समजलो. तुम्ही माझ्या आधी काम थांबवलं होतंत, तेही पगारी नोकर असून, साहेबांना न विचारता. मी साहेबांना पुन्हा लिहिलंय, तारखा घालून, तुमच्या पत्राच्या पाकिटावरचा टपालाचा शिक्का दाखवून. त्यांचं उत्तर नाही.

ताईंना मी काय लिहू? त्या म्हणतात ते खरं आहे. मनापासून सांगतो: तुमचं पत्र एक दिवस आधी मिळालं असतं तर मी थांबलो असतो. साहेबांना एक अक्षर लिहिलं नसतं. तुम्हाला तुमचं सांगू दिलं असतं. ते पत्र उशिरा पोचलं याचं मला रोज वाईट वाटतं.

तुमचा
धाकटा साडू

◆

बोगद्याच्या तोंडावरून, ११ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आजपासून तुला अहो-जाहो करणं बंद. इतक्या वर्षांत केलं ते पुरे झालं, आणि आता जे लिहायचंय ते अहो-जाहोत लिहिता येत नाही.

तू सुचवलेल्या पट्ट्या बसवल्या. साहेबांनी माझ्या जागी आलेल्या नव्या माणसाला नवी नळी आणायला लावली, दुसऱ्या प्रयोगशाळेतली. मी भांडारातून दोर पोचवायला गेलो होतो तेव्हा ते माप घेत होते. कुणी मला बोलावलं नाही, कुणी हाकललंही नाही. मी उभा राहिलो. त्या माणसाने एकदा इकडून माप घेतलं, मग समोरच्या भोकातून घेतलं. मी पाडलेल्या भोकातून. त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. आकड्यांनी अदलाबदल केली. मी दोर ठेवला आणि परत आलो. टिंगू उद्यापासून कामावर. कालपासून इतकं बोलतोय की थोरली म्हणते, याला पुन्हा आत पाठवा.

आता तुझ्या पत्राचं. एक दिवस आधी मिळालं असतं तर मी थांबलो असतो, असं तू लिहिलंस. तू ते माझी समजूत काढायला लिहिलंस. मी ते वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

थोरलीने तुला साहेबांच्या खोलीतलं सगळं लिहिलं नाही, कारण तिला मी सगळं सांगितलं नव्हतं. मी बाहेर पडलो तेव्हा दार उघडंच राहिलं होतं. साहेब पंखेवाल्याला म्हणत होते, "शिक्क्याचा कागद आलाय, आता माझे हात बांधलेत. नाहीतर याच्या एकट्याच्या शब्दावर मी काम बंद ठेवलं असतं का? दुपारीच साखळी तोडून पोरं आत धाडली असती."

दुपारीच. किल्ली माझ्याकडे असून काय उपयोग होता? दोन कापण्यांत साखळी तुटली असती. आणि दिवसपाळीचा मुकादम कोण, हे तुला माहीत आहे. मी नको म्हटलं असतं तरी टिंगू गेला असता. पोरांना एकटं आत सोडणारा तो नाही.

मी माझी चूक माझ्या तोंडाने सांगितली असती, साहेबांनी ती ऐकून घेतली असती, मला दोन शब्द सुनावले असते, आणि माणसं आत गेली असती. तू माझं ऐकलं असतंस तर तू चांगला साडू ठरला असतास. मी ताठ मानेने घरी येऊन जेवलो असतो. आणि त्यानंतर आपण दोघं आयुष्यभर एकमेकांकडे बघू शकलो नसतो.

हे मी काल रात्री जेवताना थोरलीला सांगितलं, पहिल्यांदाच. ती ताटावरून उठली, टिंगू झोपला होता त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. परत आली आणि म्हणाली, "त्याला लिहा. मीही लिहीन, पण आज नको." तेव्हा तिचं पत्र येईल. तिला वेळ लागतो.

भांडारात मी किती दिवस आहे ठाऊक नाही. राग नाही असं म्हणत नाही. सकाळी फावडी मोजताना असतो, दुपारपर्यंत उतरतो. पण तो तुझ्यावर नाही.

माझं पत्र उशिरा पोचलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बरं झालं वेळेत पोचलं नाही. आणि पुन्हा कधी असा प्रसंग आला, मी हात जोडून म्हटलं की थांब, तर थांबू नकोस.

तुझा
थोरला